रत्नागिरीच्या गच्चीवर सौरवीज : माझा अनुभव

रत्नागिरीत उन्हाची वानवा नाही. पावसाळा सोडला तर १ किलोवॅट पॅनलमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज धरायला हरकत नसते. मात्र त्यातली किती पदरात पडेल, हे येथे माड, खारा वारा आणि पाऊस ठरवतात.

घराच्या छतावरील सौर संयंत्राला अनुदान देणाऱ्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून ३ किलोवॅटचे संयंत्र बसवायचे आम्ही ठरवले. पोर्टलवरचा अर्ज महावितरणच्या ग्राहक क्रमांकावर भरायचा असतो आणि आमचे बिल दिवंगत वडिलांच्या नावे येत होते, त्यामुळे आधी वारसांची संमती जोडून नाव बदलून घ्यावे लागले. (कोकणातील कित्येक घरांची बिले अजून आजोबांच्याच नावे येत असावीत.) १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नसल्याने पुढची मंजुरी विनासायास मिळाली.

खरा विचार जागेचा करावा लागला. एका ओळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली पडली तरी साऱ्या ओळीचे उत्पादन घटते, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की शेजारच्या माडांची सावली गच्चीवर लांबवर येते; म्हणून त्या दिवसांतली सावली पाहूनच जागा नक्की केली. पॅनल दक्षिणाभिमुख, रत्नागिरीच्या अक्षांशाइतके म्हणजे सुमारे १७ अंश कललेले आहेत. रंग दिलेल्या साध्या लोखंडी सांगाड्याचे दरपत्रक स्वस्त होते, पण समुद्राजवळ ते किती टिकणार? आम्ही गरम जस्ताचा लेप दिलेला सांगाडा, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि क्षारधुक्याची चाचणी उत्तीर्ण झालेले पॅनल घेतले. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ही वादळे लक्षात असल्याने सांगाडा नुसता वजनावर न ठेवता इमारतीच्या खांबांवर काँक्रीटचे चौथरे ओतून त्यांत पक्का केला, जेणेकरून स्लॅबला भोके पडून गळती सुरू होऊ नये. माझ्या मते खर्चात हात आखडू नये अशी हीच जागा आहे.

अनुदानासाठी पॅनलमधले सेलही देशी बनावटीचे असावे लागतात, आणि असे पॅनल महाग पडतात. नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारे मीटर) बसून तपासणी झाल्यावर ७८,००० रुपयांचे अनुदान थेट खात्यात जमा झाले.

जून ते ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच खाली येते. उन्हाळ्यातील शिल्लक युनिटे तेव्हा कामी येतात, कारण ती आर्थिक वर्ष संपेपर्यंत पुढच्या बिलांत वळती होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. पावसाळ्यात काचा आपोआप धुतल्या जातात, एरवी त्यांवर बसणारा क्षारांचा थर सकाळी गोड्या पाण्याने धुवावा लागतो. वीज गेली की हे संयंत्रही बंद पडते, कारण तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तशी योजनाच असते. त्यामुळे बॅटरीवरचा जुना इन्व्हर्टर आम्ही काढलेला नाही.