तीन मिलिमीटरची फट

जीप गॅरेजला आली तेव्हा काकांची एकच मागणी होती. डिझेल उतरवायचं आणि मूळचं पेट्रोल इंजिन परत बसवायचं. गाडी सीजे थ्रीबी, उंच बॉनेटवाली. एका काळी बऱ्याच जीपांचं झालं तसंच हिचंही हरिकेन इंजिन काढून प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल घातलं होतं. काकांनी ते हरिकेन आणि त्याचा गिअरबॉक्स गावच्या पडवीत गोणपाटाखाली जपून ठेवला होता. सोबत अमेरिकेहून भाच्याने आणलेलं वॉर्न कंपनीचं जुनं ओव्हरड्राइव्हही होतं, म्हणजे वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर. ते हातात घेतलं आणि मला खरंच आनंद झाला.

या जीपचा डिफरन्शियल ५.३८ चा, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टचे ५.३८ फेरे. चढावर, चिखलात ओढ जबरदस्त, पण हायवेला ताशी ७० गाठली की इंजिन मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास ओरडत राहतं. लांब स्ट्रोकचं इंजिन तासन्‌तास असं पिदडणं मला बघवत नाही. ओव्हरड्राइव्हने फेरे पाव भागाने उतरतात, २,१०० पर्यंत येतात.

ते बसतं ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, मागच्या तोंडावर, जिथे पीटीओ (इंजिनच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवायचा जोड) लागतो. मागचं झाकण काढायचं, काटापिन आणि नट सोडवून शाफ्टवरचा गिअर ओढून घ्यायचा आणि त्याच जागी ओव्हरड्राइव्हचा गिअर सरकवायचा. मागचा प्रॉपेलर शाफ्ट बाजूने निघतो, त्यामुळे त्याला हात लावावा लागत नाही. गाडीखाली आडवं पडूनही हे जमतं, पण इंजिन उतरलेलंच होतं. मी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही खाली काढून टेबलावर घेतले. दिसेल तिथेच हात चालतो.

दोन्ही गिअरचे दाते तीनदा मोजले, सारखे भरले. ओव्हरड्राइव्ह उचलून सरकवलं, झकास आत गेलं, आणि अडलं. केसचं तोंड आणि ओव्हरड्राइव्ह यांच्यात तीन मिलिमीटरची फट. शाफ्ट हलवला, गिअर पुढे-मागे केले, फट तेवढीच. आमच्या पोराने पाना उचलला. “उस्ताद, बोल्ट आवळू या, आपोआप बसेल.”

“थांब रे. पाना ठेव खाली.”

बोल्ट धरून ठेवायला असतो, ओढायला नाही. ओढलं असतं तर एक तर ओव्हरड्राइव्हच्या कवचाचा कान तुटला असता, नाही तर बेअरिंग दाबून बसलं असतं. आणि तो भाग इथे कुठल्या दुकानात मिळणार होता?

सगळं परत बाहेर काढलं. शाफ्टवर टॉर्च मारली, काही दिसेना. मग नख फिरवलं. शाफ्टच्या सहा स्प्लाइनपैकी, म्हणजे गिअर धरणाऱ्या लांबट दात्यांपैकी, दोनच्या कडेला, मुळाशी, नख अडकलं. जुना गिअर वर्षानुवर्षं ढिला हलत राहिला होता, त्याने तिथलं लोखंड रेटून केसाएवढी धार काढली होती. जुना गिअर स्वतःच्याच खाचेत बसायचा, म्हणून कुणाला कळलं नाही. नवा तिथेच अडकला.

केसच्या तोंडात ग्रीस लावलेलं फडकं ठासून कोंबलं. बारीक कानस, मग तेलदगड. दोन घासे मारायचे, पुसायचं, नख फिरवायचं. कानशीने जास्त खाल्लं तर गिअर आयुष्यभर खडखडणार. दुपारचा डबा तसाच राहिला. चारच्या सुमाराला ओव्हरड्राइव्ह नुसत्या तळहाताच्या दाबाने तोंडाला टेकलं. फट मोजायच्या फिलर गेजचं सर्वांत पातळ पानही आत जाईना. पोरगा काही बोलला नाही, त्याने शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मग पुन्हा फिरवून पाहिला.

इंजिन चढवणं, क्लच, वायरिंग यात पुढचे चार दिवस गेले. ट्रायलला काकांना घेऊन ऑरेंज गेटवरून ईस्टर्न फ्रीवेला चढलो. खाली माझगाव. १९४९ साली महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी याच भागात सुरू केली होती. शिवडी मागे टाकली, क्लच दाबला, छोटी दांडी मागे ओढली. इंजिनचा आवाज एकदम खाली बसला, वेग तोच.

काका कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अहो, आता तुमचं बोलणं ऐकू येतंय.”

ओव्हरड्राइव्ह ट्रान्सफर केसचंच तेल पितं, म्हणून गॅरेजला परतल्यावर गरम असतानाच तेल सोडलं आणि पांढऱ्या फडक्यातून गाळलं. बोटाला राखेसारखं थोडं काळं लागलं. टोचणारं काही नव्हतं.