टाका नाही म्हणून...

“पोटाला टाकाच नाही, मग परत कशाला यायचं?”

डिस्चार्जचा कागद पिशवीत कोंबत काकूंनी विचारलं. रामबागेतले आमचे शेजारी. काकांच्या पित्तनलिकेत अडकलेला खडा ईआरसीपीने निघाला. तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेली, नलिकेचं तोंड जरासं कापून रुंद केलं आणि फुग्याने खडा खाली ओढला. 1974 पासून ही सोय आहे. त्याआधी बहुतेकांचं पोटच उघडावं लागे. काकांच्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला लागलाय, हे बघून मलाच केवढं हायसं वाटलं!

मग कागद वाचला. औषधांच्या यादीखाली, अगदी तळाशी, इंग्रजीत एक ओळ: प्लास्टिकचा स्टेंट सहा आठवड्यांनी काढणे.

ही ओळ त्यांना कुणी समजावूनच सांगितली नव्हती.

पित्त वाहतं राहावं म्हणून ठेवलेली ती बारीक नळी साधारण तीन महिन्यांच्या आत काढावी किंवा बदलावी लागते. नाहीतर गाळ साचून ती तुंबते, हुडहुडी भरून ताप येतो, कावीळ उलटते, कधी जिवावर बेततं. शिवाय पित्ताशयात खडे असतील, तर बहुतेक वेळा पित्ताशयही काढून टाकावं लागतं.

उपचार इतका सुटसुटीत, की माणसाला वाटणारच, संपलं सगळं. यात काकूंचं काय चुकलं? निघताना तोंडी दोन वाक्यं, तीही मराठी-हिंदीत, सांगायला किती वेळ लागतो?

काकूंच्या कालनिर्णयवर तारखेला लाल गोल करून आलोय.

तुमच्या घरी कुणाला असा स्टेंट घातलाय का? काढायची तारीख ठाऊक आहे?