मॉडेलभोवतीची संध्याकाळ

एप्रिल लागला की आमच्या पदव्युत्तर अर्बन डिझाइन विभागात वार्षिक प्रदर्शनाची धांदल सुरू व्हायची. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय हे सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही व्हायचं. त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते हॉलच्या मधोमध ठेवलेल्या मॉडेलबद्दल, आणि संध्याकाळी पेठेतली माणसं त्याच्याभोवती उभी राहून जे बोलायची त्याबद्दल.

पुण्याची कसबा पेठ घेतली होती ते वर्ष सगळ्यांत जवळचं. पेठेचा ५०० मीटर लांब-रुंद तुकडा १:५०० प्रमाणात, म्हणजे मॉडेल बरोबर मीटरभराचं. तीन मीटरचा मजला ६ मिलिमीटर, म्हणजे २ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याचे तीन थर. जुन्या वाड्याचा मजला अडीच मीटरचा असला तर ५ मिलिमीटर, त्यासाठी दोन जाड थरांवर एक १ मिलिमीटरचा. कंटाळा करून सगळीकडे तीनच थर चढवले की वाडा आणि शेजारची नवी इमारत सारख्याच उंचीच्या दिसतात आणि पेठेची ओळखच पुसली जाते. फेव्हिकॉलचा थर जाड झाला तर पुठ्ठा एका बाजूनं ओल धरतो आणि सकाळपर्यंत वाकतो. म्हणून पातळ हात फिरवायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं.

पण खरा घोटाळा व्हायचा तो नकाशात. छपाई करताना ‘कागदावर मावेल असं’ हा पर्याय चालू राहिला की नकाशा नकळत आक्रसतो. दोन गटांनी केलेले दोन अर्धे भाग शेजारी आणले की गल्ली जुळतच नाही. जुना नकाशा १ इंचाला ४० फूट या मापाचा असेल तर तो १:४८० होतो. त्याला १:५०० समजून काम केलं तर मीटरभरात चार सेंटिमीटरची चूक. म्हणून प्रत्येक पानावर आलेखी मापपट्टी, म्हणजे अंतराच्या खुणा केलेली रेघ, काढायची आणि छापून आल्यावर ती आधी स्टीलच्या पट्टीनं मोजायची, हा आमच्या स्टुडिओचा पहिला नियम.

स्टुडिओत शिकवणं म्हणजे फळ्यासमोरचं व्याख्यान नव्हे. शिक्षक एकेका टेबलापाशी अर्धा-अर्धा तास बसायचे. आमच्याकडे वास्तुरचनाकार होते, वाहतुकीचे अभियंते होते, जतनाचं काम करणारे होते, आणि एक समाजशास्त्राच्या मॅडम होत्या. त्या आल्या की मुलांची खरी कसोटी. रस्त्याचा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यावर दिसेल तसं चित्र, दाखवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ओटा कुठंय? भिंत ते भिंत सहा मीटर गल्ली, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटरचे ओटे, म्हणजे जायला उरले साडेचार मीटर. मुलं ओटा रस्त्यात धरायची आणि गल्ली होती त्याहून रुंद दाखवायची. टेम्पो आत शिरला की चालणारा त्याच ओट्यावर चढतो, हे टेप धरून तिथं उभं राहिल्याशिवाय समजत नाही. (अंतर मोजायच्या लेसरच्या यंत्रावर फार विसंबू नये. भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही. तीस मीटरची टेप आणि दोन माणसं हेच खरं.)

पादचारी मोजायचे ते दर तासाला १५ मिनिटं, मग चारनं गुणायचं. ती १५ मिनिटं नेमकी आरती सुटायच्या वेळेवर पडली की आकडा फुगतो. त्यासाठी मोजणीच्या पानावर त्या वेळी गल्लीत काय चाललं होतं याचाही एक रकाना असायचा. तो रकाना रिकामा दिसला की वाहतुकीचे सर पान परत द्यायचे.

उद्घाटनानंतर आमचे सगळ्यांत ज्येष्ठ सर बोलायचे, आणि दर वर्षी स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांची तीच गोष्ट सांगायचे. १९१४ साली गेडिस यांचं शहरांविषयीचं प्रदर्शन जहाजानं हिंदुस्थानकडे निघालं होतं. जर्मन युद्धनौका एम्डेननं ते जहाज बुडवलं. ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी पुन्हा नकाशे आणि चित्रं गोळा करून पाठवली, आणि १९१५ साली मद्रासला प्रदर्शन भरलं. पुढं १९१९ साली गेडिस मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. सगळी आळी पाडून रुंद रस्ता काढण्यापेक्षा मोजकी मोडकी घरं काढून मधे मोकळी जागा करा, असं त्यांचं सांगणं. रात्रभर पुठ्ठा कापून बोटं सोललेली मुलं ही गोष्ट ऐकताना एकदम स्तब्ध व्हायची. कितीही वेळा ऐकली तरी या ठिकाणी गळा दाटून येतो.

आणि मग सहा वाजता पेठेतली मंडळी यायची. तांबट आळीतले कारागीर, कुंभारवाड्यातल्या आजी, बुरूड आळीतली माणसं. खुर्चीवर कुणी बसायचं नाही. प्रत्येक जण आधी आपलं घर शोधायचा. कसबा गणपतीपासून बोट निघायचं, गल्लीतून वळायचं, एका ठोकळ्यावर येऊन थांबायचं, आणि तिथून पुढं माणूस बोलायला लागायचा. इतकं चांगलं भाषण आम्ही कुठल्याच परिषदेत ऐकलेलं नाही.

मुलांनी खाली दुकानं आणि वरच्या मजल्यावर तांबटांचे कारखाने सुचवले होते. एका वयस्क कारागिरांनी शांतपणे समजावलं की भांडं ठोकायचं ते जमिनीत पक्क्या रोवलेल्या लोखंडी आधारावर. वरच्या मजल्याची जमीन तो धक्का पेलणार नाही आणि खालचा शेजारी झोपणार नाही. पत्र्याची हातगाडी जिथं वळते त्याच कोपऱ्यावर मुलांनी बाक ठेवले होते, तेही त्यांनी दाखवलं. कुणाही शिक्षकानं मुलांची बाजू घेतली नाही. सुचवलेले ठोकळे आम्ही कधीच फेव्हिकॉलनं चिकटवू दिले नाहीत, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं नुसते टेकवायचे. ते याच क्षणासाठी. एका मुलीनं सगळ्यांसमोर कारखान्याचा ठोकळा उचलून खाली आणला, बाक काढून टाकले, आणि कारागिरांनी मान हलवली.

हे बघायला जे पाहुणे थांबायला हवे होते ते थांबत नसत, याची खंत आजही आहे. शंभर खुर्च्या मांडायच्या. फोटो झाला की पहिल्या दोन रांगा रिकाम्या. पहिल्या सत्राची कामं लावलेल्या आतल्या खोलीत तर पाहुण्यांपैकी क्वचितच कुणी शिरायचं, आणि सगळ्यांत कसून केलेले रस्त्यांचे छेद तिथंच असायचे. माजी विद्यार्थीही शेवटच्या संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला.

पण ज्यांच्यावर हे सगळं उभं राहायचं ते दर वर्षी होते. सुतारकामाच्या शाळेतले मामा: नुसती एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेली) पाटी उचलताना वाकते म्हणून खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून द्यायचे. मोठे नकाशे छापणारे प्लॉटरवाले दादा, रात्री दोनला दुकान उघडणारे. ग्रंथपाल मॅडम, नकाशे घडी न करता गुंडाळीतच देणाऱ्या. कॅन्टीनच्या मावशी आणि त्यांची मुलगी. पायऱ्यांवरून मॉडेल तिरकं न करता खाली आणणारे चौघे शिपाई. वाळलेल्या गवताची झाडं करणारी पहिल्या वर्षाची मुलं. छायाचित्रासाठी गच्ची उघडून देणारं कसब्यातलं कुटुंब. रात्रपाळीचे दोन्ही पहारेकरी. हिशेब ठेवणारे भाऊ.

आणि इलेक्ट्रिशियन काका राहिलेच. मॉडेलवर दिवा सरळ वरून सोडला की गल्ल्या दिसत नाहीत, तो बाजूनं, तिरपा हवा, म्हणजे सावल्या पडतात. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, शिडीवर उभं राहून.