बंदिशसूचीची साइट: एसक्यूएल इंजेक्शनचं काम कुठवर आलं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या संगीतप्रेमी मंडळींसाठी बंदिशींची सूची ऑनलाइन करायचं चाललंय, जुना पीएचपी कोड कोणाकडून तरी हाती आलाय, त्यातली एसक्यूएल इंजेक्शनची फट (बाहेरच्याने लिहिलेलं डेटाबेसला हुकूम म्हणून जातं ती) बुजवतोय, त्याचं हे पुढचं. सर्च रागावरून होतं, तालावरून होतं आणि बंदिशकाराच्या मुद्रेवरूनही (बंदिशीतलं त्याचं टोपणनाव), आणि गोम तिथेच निघाली. मुद्रा आपण एकेरी अवतरणात लिहितो ना, 'प्रेमपिया' म्हणजे फैयाज खाँसाहेब हे बडोद्यात कोणाला सांगायला नको, तर एकाने सर्चमध्ये अवतरणासकट 'प्रेमपिया' टाकलं आणि डेटाबेसचा एरर जसाच्या तसा स्क्रीनवर! नुसत्या अवतरणाने क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) फुटते म्हणजे त्यात काहीही घुसवता येतं असंच धरून चालायचं.

युजरने लिहिलेलं क्वेरीला थेट जोडलं होतं. डेटाबेसला एकच सलग वाक्य जातं, त्यातलं आपलं कुठलं आणि बाहेरच्याचं कुठलं हे त्याला कळायचं कसं?

अ‍ॅडस्लॅशेस (अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ लावून ते निष्प्रभ, म्हणजे एस्केप, करणारं पीएचपीचं फंक्शन) लाव म्हणून सल्ले आले. नाही लावलं, तुम्हीही लावू नका. बंदिशीच्या पानाला आयडी आकडा म्हणून जातो, त्याला अवतरण नसतंच, लोकल कॉपीवर 7 च्या जागी 7 ऑर 1=1 (म्हणजे नेहमीच खरी ठरणारी अट) टाकून बघितलं, एस्केप करण्यासारखं त्यात काही नाहीच आणि अख्खं टेबल बाहेर.

मग सगळं पीडीओच्या (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर नेलं, म्हणजे क्वेरीचा साचा वेगळा आणि युजरची व्हॅल्यू वेगळी. एक गोष्ट आवर्जून बघा, मायएसक्यूएलसोबत पीडीओ डीफॉल्टने प्रिपेअरची नक्कलच करतं, व्हॅल्यू पीएचपीकडेच क्वेरीत भरून पाठवतं, ते एम्युलेट सेटिंग मी बंद केलं, आता क्वेरीचा साचा आधी जातो आणि व्हॅल्यू मागाहून, वेगळी.

खरा वेळ खाल्ला तो सॉर्टिंगने. कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून (साच्यातली व्हॅल्यूची रिकामी जागा) जात नाही, बाइंड केलं, म्हणजे त्या जागी भरलं, तर ते साधी स्ट्रिंग धरलं जातं, एरर येत नाही पण यादी काही सॉर्ट होत नाही. इथे व्हाइटलिस्टच हवी: राग, ताल, घराणं एवढीच नावं कोडमध्ये लिहिलेली, दुसरं काही आलं की सरळ रागावर. चढता-उतरता क्रमही तसाच ठरवला.

लाइक सर्चमध्ये (अर्धवट शब्दावरून शोध) टक्का म्हणजे काहीही आणि अंडरस्कोअर म्हणजे कुठलंही एक अक्षर, ते वेगळे एस्केप केलेत, ते इंजेक्शन नाही पण नुसता टक्का टाकून पूर्ण यादी उपसता येत होती.

साइट डेटाबेसला रूटने (सगळे अधिकार असलेला युजर) जोडलेली होती हे बघून तर धडकीच भरली. आता वेगळा युजर आहे, सूचीवर फक्त सिलेक्ट (वाचणं), लोकांच्या सुचवणीच्या टेबलवर फक्त इन्सर्ट (भर घालणं), फाइलचा अधिकार नाही. उद्या कुठे फट राहिलीच तरी नुकसान तेवढ्यात अडतं.

1998 च्या डिसेंबरात फ्रॅक या हॅकरांच्या ऑनलाइन नियतकालिकाच्या 54 व्या अंकात जेफ फॉरिस्टलने हा प्रकार लिहिला होता, आणि 2023 मध्ये मूव्हइट या फाइली पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये याच जातीच्या फटीतून जगभरच्या संस्थांचा डेटा गेला. म्हणून छोटी साइट आहे, आपल्याकडे कोण येतंय, हे मला पटत नाही.

राहिलंय अ‍ॅडमिनचं रिपोर्ट पान. लोकांनी सुचवलेली नावं टेबलमधून काढून तिथे परत क्वेरीत जोडली जातात, आत ठेवताना बाइंड केली असली तरी इथे ती पुन्हा फुटू शकतात. ते झालं की लोकल कॉपीवर एसक्यूएलमॅप (अशा फटी शोधणारं टूल) चालवणार आहे, सर्चसाठी त्याची कुठली लेव्हल (तपासणी किती खोल) ठेवता ते सांगा.