आमची वाटचाल: पुएब्लोतलं जुन्या फोटोंचं दुकान

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, मी वाढले ठाण्यात. आजी सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणायची, आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पूर्वजांचा तेलाचा घाणा तेव्हा बंद असायचा म्हणून आम्ही शनिवार तेली. तर अशी मी नवऱ्याच्या नोकरीमुळे 2013 ला कोलोरॅडोतल्या पुएब्लोला आले. गाव पोलादाचं, सीएफ अँड आय कंपनी 1892 ची, भट्ट्या, रेल्वेचे रूळ, इथे आपली माणसं असतील असं वाटलंच नव्हतं, आणि ग्रँड अव्हेन्यूवर 1900 सालचं टेम्पल इमॅन्युएल हे सिनेगॉग समोर दिसलं तेव्हा मला रडूच आलं.

जुने फोटो, कागद स्कॅन करून द्यायचं हे दुकान 2015 ला गॅरेजमध्ये सुरू केलं, एक स्कॅनर, एक लॅपटॉप. पहिलं मोठं काम म्हणजे एक आजी जुन्या फोटो-कागदांची चार खोकी घेऊन आल्या. त्यांच्या आजोबांचं युनियन अव्हेन्यूवर कपड्यांचं दुकान होतं, गिऱ्हाईक सगळं भट्टीवरचं, इटालियन, स्लोव्हेन, मेक्सिकन, आणि खतावणीत प्रत्येकाची उधारी पगाराच्या दिवसापर्यंत मांडलेली. पानांच्या खालच्या भागात तपकिरी रेघ होती, मला वाटलं चहा सांडलाय, तर तो चिखल निघाला, 3 जून 1921 च्या पुराचा! अर्कान्सा नदी आणि फाउंटन क्रीक एकदम चढले, डाउनटाउन पाण्याखाली गेलं, नंतर तर नदीचा प्रवाहच दुसरीकडे वळवला. आजी म्हणाल्या ती रेघ एडिट करून काढू नकोस. तेव्हापासून आम्ही डाग पुसत नाही, गिऱ्हाईकाने स्वतःहून सांगितलं तरच पुसतो.

2016 ला हार्ड डिस्क गेली आणि एका घरचं दीड महिन्याचं काम गेलं. चूक माझी होती, दुसरी कॉपीच ठेवली नव्हती. त्यांच्या दारात जाऊन माफी मागितली, खोकी परत आणली, सगळं फुकट पुन्हा केलं. आता तीन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्या गावात.

एका गिऱ्हाईकाच्या घरात कोलोरॅडोतल्याच कोटोपॅक्सी या जागेची गोष्ट आहे. 1882 ला रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबांना नदीच्या वरच्या अंगाला शेतीसाठी वसवलं, जमीन सगळी खडकाळ, हिवाळा कडक, 1884 पर्यंत वसाहत मोडली. बरेचसे डेन्व्हरला गेले. पणजोबांचा एकच फोटो उरलाय, मागे यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, दोन ओळी, त्या वाचून घ्यायला आम्हाला तीन महिने लागले, पण वाचल्या. आडनाव तिथे लांबलचक होतं, पुढे अमेरिकेत तोडून दोन अक्षरी झालं. आमच्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ जोडलं की आडनाव तयार, त्यामुळे मूळ गाव हरवत नाही, त्यांचं हरवलं होतं, ते त्या मागच्या ओळींत सापडलं.

नोव्हेंबर 2019 ला टेम्पल इमॅन्युएल उडवायचा कट एफबीआयने पकडला, त्या माणसाला पुढे 2021 मध्ये 19 वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्या हिवाळ्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त खोकी आली. लोक यायचे, खोकं टेबलवर ठेवायचे आणि बसून राहायचे, मी चहा करायचे. आलं घातलेला.

आता आम्ही तिघं आहोत, स्कॅनर दोन, दुकान शनिवारी बंद. एकच विनंती, जुन्या चिकट अल्बममधून फोटो घरी उपटू नका, मागचं अक्षर फाटतं, अल्बम जसा आहे तसाच घेऊन या.