डब्याचा घाम खारट नसतो: कयाकवरची बॅटरी कोरडी ठेवण्याचा माझा अनुभव

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथले वाळूचे पट्टे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. गेल्या वर्षी जिथे गळ खोल सोडत होतो, तिथे यंदा ओहोटीला कयाकचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या माझ्या छोट्या होडीचा, तळ घासतो. त्यामुळे मासे दिसावेत यापेक्षा पायाखालचे पाणी किती आहे ते कळावे, या हेतूने मी पाच इंची पडद्याचा फिशफाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याची खोली आणि मासे दाखवणारे यंत्र, बसवला. त्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते. शिशाची ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन किलोंहून जड असते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी साधारण निम्म्या वजनात मिळते, म्हणून तीच घेतली. झाकणाला रबरी गास्केट असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यात ती ठेवली, डब्याला भोक पाडून वायर बाहेर काढली, भोकाभोवती सिलिकॉन भरले आणि डबा कयाकच्या पोटात, बैठकीमागच्या गोल झाकणाखाली ठेवून दिला. पाण्याचा प्रश्न मिटला, असे मी समजलो.

तिसऱ्या महिन्यात पडदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. घरी मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट दिसत होते, मात्र फिशफाइंडर चालू असताना त्याच्या जोडणीपाशी जेमतेम १०.५ मिळत होते. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती आणि वाटेत वायरमध्येच कुठेतरी व्होल्टेज घटत होते. वायरचे आवरण सोलले तर आतले तांबे हिरवट-काळे पडलेले. आणखी चार बोटे सोलले, तरी तेच. दिव्याची वात तेल ओढते तसे बारीक तारांच्या जुडग्याने खारे पाणी आवरणाच्या आतून वर ओढून घेतले होते. बाहेरून ती वायर अगदी नवी दिसत होती, हे विशेष.

डब्याच्या तळाशी चमचाभर पाणी होते. दमट हवा थंड झाली की दव साठते, हे मला ठाऊक होते आणि त्या माहितीचा थोडा तोराही होता. त्यामुळे शेजारच्या आबांना मी ठामपणे सांगितले, ‘‘आबा, हा डब्याला सुटलेला घाम आहे, सिलिका जेलची पुडी टाकली की काम होईल.’’ आबांची हयात खाडीत पाग टाकण्यात गेली आहे. त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाले, ‘‘माणसाचो घाम खारट आसता, डब्याचो नाय.’’ (शिशाच्या बॅटरीच्या डब्यातले पाणी कोणी असे चाखू नये, त्यात आम्ल असू शकते.)

त्या रात्री मी हिशेब मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. ३० अंश तापमानाच्या, पूर्ण दमट झालेल्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम बाष्प मावते. माझा डबा पाच लिटरचा. त्यातल्या हवेतले सगळे बाष्प पाणी होऊन खाली बसले, तरी ते ०.१५ ग्रॅम, म्हणजे दोन-चार थेंब भरेल. चमचाभर पाणी घामाचे असूच शकत नव्हते. ते बाहेरून आले होते आणि ज्या अर्थी कयाक कधी उलटली नव्हती, त्या अर्थी ते आत ओढले गेले होते.

ते कसे, हे कळायला आणखी एक रविवार गेला. डब्यात कोरडा टिश्यू पेपर ठेवून, वर वीट ठेवून, मी तो सावलीतच बादलीत बुडवला. अर्ध्या तासाने कागद कोरडा होता. मग तोच डबा तासभर उन्हात तापवला आणि पुन्हा बुडवला. या वेळी कागद भिजला. कयाक तयार करताना मी नेमके हेच करत असे: बंद काळा डबा तापलेल्या वाळूवर ठेवून गळ, वल्हे, जॅकेट यांची जुळवाजुळव करायची आणि नंतर तो तापलेला डबा पाण्याला टेकलेल्या गार तळावर ठेवायचा, जिथे वल्ह्यावरून निथळलेले आणि झाकणातून झिरपलेले मगभर पाणी परतेपर्यंत हमखास साचते. डबा तापताना फुगलेली थोडी हवा फटींतून बाहेर निसटते, आणि मग उरलेली हवा ५० अंशांवरून २८ अंशांवर आली तर तिचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. वातावरणाचा दाब साधारण १० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका असल्याने त्याचे ७ टक्के म्हणजे ७० सेंटीमीटर होतात. थोडक्यात, बोटभर पाण्यात बसलेला माझा डबा ७० सेंटीमीटर खोल बुडवल्यासारखे पाणी आत खेचत होता. आयपी ६७ (धूळ आणि पाणी अडवण्याची श्रेणी) असे छापलेल्या वस्तू १ मीटर खोलीवर ३० मिनिटे टिकतात, पण त्या चाचणीत वस्तू आणि पाणी यांच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक चालत नाही. मालवणच्या एप्रिलमधल्या वाळूला हा नियम कोण सांगणार?

दुरुस्ती त्या मानाने सोपी निघाली. सिलिकॉन प्लास्टिकच्या डब्याला नीट चिकटतच नाही, ते नखाने सोलून निघाले. त्या जागी केबल ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट आवळले जाणारे बूच, बसवले आणि वरच्या कडेला हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पडदी असलेले छोटे व्हेंट लावले, जेणेकरून आतबाहेरचा दाब आपोआप सारखा व्हावा. आता मी डबा सावलीतच उघडतो आणि बंद करतो. पोटात तो फोमच्या दोन तुकड्यांवर उचलून बांधला आहे. वायर कथलाची कल्हई असलेली घेतली, जोडांवर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली आणि वायर प्लगमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता झोळाच्या टोकावरून ठिबकते. बॅटरीला लागूनच ३ अँपिअरचा फ्यूज टाकला. हा फ्यूज पहिल्या दिवसापासून हवा होता. खाऱ्या पाण्यात कधीही शॉर्ट होऊ शकणारी लिथियम बॅटरी पोटाशी घेऊन मी तीन महिने हिंडत होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

सिलिका जेलची पुडी अजूनही टाकतो, पण आता ती माझी साक्षीदार आहे. दोन-चार थेंब शोषायला ती पुरून उरते. एकाच फेरीत तिचा रंग बदलला तर कुठेतरी गळते आहे, असे समजून मी गास्केट तपासतो. निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडमुळे निळे दिसतात, ते पुन्हा वापरण्यासाठी वाळवताना स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत. मी नारिंगी दाणे घेतले आणि त्यांच्यासाठी जुना तवा वेगळा काढला.

परतल्यावरचे काम मात्र वाढले. मीठ ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते आणि आमच्याकडे रात्री आर्द्रता बहुधा त्याहून वरच असते. म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या प्लगवरचे मीठ घरी कपाटातसुद्धा पाझरत राहते. त्यामुळे टोपणे लावून सगळे गोड्या पाण्याने हलकेच धुणे, पुसणे आणि डबा रात्रभर उघडा ठेवणे आता चुकत नाही. नळाचा जोराचा फवारा मी मारत नाही, कारण बुडवण्याच्या चाचणीत टिकलेली वस्तू फवाऱ्यातही टिकेलच असे नाही.

मोबाइल मी डब्यात ठेवत नाही. तो पाणबंद पाकिटात घालून जॅकेटला बांधतो, कारण कयाक हातातून सुटली तर तिच्या पोटातला कोरडा मोबाइल काय कामाचा?

एक दुखणे अजून शिल्लक आहे. पाण्याखालच्या सेन्सरची वायर पडद्याला जोडते त्या प्लगच्या पिना दर महिन्या-दीड महिन्याने हिरव्या पडतात. डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी अडवणारे, वीज न वाहणारे ग्रीस) लावून झाले, टोपण बदलून झाले. सध्या जुना टूथब्रश आणि किंचित व्हिनेगर यांवर भागवतो आहे. या पावसाळ्यात खाडी बंद असताना तो प्लग कापून पुन्हा जोडायचा विचार आहे.