तठेच ऱ्हाय!

मी अमळनेर–जळगाव अप-डाऊन करते. नोकरी डाळमिलमध्ये, हिशेबाची. दोन वर्षांपूर्वी एका रात्री परतीची गाडी लेट झाली, साडेनऊ वाजले. स्टेशनबाहेर स्कूटीला चावी लावली आणि एका माणसानं हँडल धरलं. "एवढी काय घाई?" तोंडाला दारूचा वास. मी ओरडायला तोंड उघडलं, तर निघालं काय, "अहो, प्लीज." मागून रिक्षा आली तसा तो हसत निघून गेला.

झालं इतकंच. पण राग उरला, आणि तो आठवडाभर लेकावर निघत राहिला.

मग मैत्रिणीनं स्वसंरक्षणाच्या रविवारच्या वर्गाला ओढून नेलं. मला वाटलं ठोसे शिकवतील. मॅडमनी पहिला तास डोक्यावरच घालवला. जेफ कूपर नावाच्या अमेरिकन मरीन अधिकाऱ्यानं मनाच्या तयारीला चार रंग दिलेत. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत, पण आजूबाजूला लक्ष. नारिंगी म्हणजे नजर एका ठरावीक माणसावर गेली. आणि लाल म्हणजे आता हात चालवायचीही तयारी. मी रोज पांढऱ्यात उतरायचे, मान मोबाईलमध्ये. मॅडम म्हणायच्या, काय करायचं ते नारिंगीतच ठरवा, कारण लालमध्ये विचाराला वेळ नसतो. मी ठरवलं: हँडलला हात लागला की स्कूटी सोडायची, दोन पावलं मागं, आणि ओरडायचं. त्या रात्री मी स्कूटीच घट्ट धरून बसले होते. हप्ते चालू होते ना!

घाबरल्यावर हात का थरथरतात तेही तिथंच कळलं. ॲड्रेनलिन वाढतं, नजर अरुंद होते, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. म्हणून मुठीपेक्षा तळहाताच्या टाचेनं, म्हणजे मनगटाजवळच्या जाड भागानं मारायचं. श्वास आत घेताना चारपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत.

तिसऱ्या रविवारी पॅडवर मारायला उभं केलं. शिट्टी वाजली की थांबायचं, मागं सरायचं, पळायचं. शिट्टी वाजली. मी थांबलेच नाही. समोर पॅड धरलेली पोरगी एकोणीस वर्षांची, तिचं मनगट मुरगळलं. ती रडली नाही, मीच रडले. मी तिला मारतच नव्हते, त्याला मारत होते. मॅडम रागावल्या नाहीत. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, एवढं सांगून म्हणाल्या, "तुम्हाला राग आणायला शिकवायची गरज नाही. राग बंद करायला शिकवते." पुढचे दोन महिने मी मारण्यापेक्षा थांबण्याचाच सराव जास्त केला.

आवाज मात्र आईनं दिला. मी घरात आरशासमोर "मागे व्हा!" म्हणत होते. ती भाकरी थापता थापता हसली. "हाई काय शाळाना बाईंगत! ज्वारीवरना पाखरं कसा हाकलत होती तू?" खरंच की. मामाच्या शेतात माळ्यावर उभी राहून मी बेंबीच्या देठापासून ओरडायचे. शाळेत गेले, मराठी शुद्ध झालं आणि आवाज गळ्याशी येऊन अडकला. आता सराव अहिराणीतच करते. मांगे सरक! तठेच ऱ्हाय!

मागच्या महिन्यात उशिराच उतरले. मागून झपझप पावलं. वळले, दोन्ही तळहात समोर, आणि अख्खं स्टेशन ऐकेल असं ओरडले, "तठेच ऱ्हाय!"

शेंगदाणेवाले बाबा जागच्या जागी उभे. हातात माझी पिशवी.

"माय, तुना डबा गाडीमा रही गया व्हता."

हात खाली घेतले. श्वास सोडला, सहापर्यंत मोजून. माफी मागितली, डबा घेतला आणि त्यांच्याकडून दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले. घरी पोहोचेपर्यंत हात थरथरत होते, पुडी उघडताच येईना.